ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, गाडी नेताय? मग हवेचं गणित आधी समजून घ्या

सीझन आला की आपल्याकडची बरीच मंडळी गाडी घेऊन कोईमतूरला कारी स्पीडवेवर नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातात, आणि निघायच्या आदल्या दिवशी आमच्या टायरच्या दुकानात येऊन विचारतात की ट्रॅकसाठी किती हवा मारू. फोंड्यात उभं राहून तुमच्या ट्रॅकचा आकडा आम्ही सांगू शकत नाही. तो आकडा ट्रॅकवरून गाडी बाहेर आली की गरम टायरवर मोजायचा असतो, म्हणून तो कसा मोजायचा आणि त्यावरून काय करायचं ते इथे लिहून देतोय, हे पत्रक गाडीत ठेवा.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो त्यावरचा आकडा थंड टायरचा आहे. समजा त्यावर 32 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे आणि सकाळी 30 डिग्रीला तुम्ही 32 भरले. ट्रॅकवर जोरात चार-पाच लॅप (फेऱ्या) मारल्या की आतली हवा 80 डिग्रीपर्यंत जाऊ शकते आणि तेव्हा तोच टायर जवळपास 40 दाखवतो, म्हणजे एक थेंबही हवा न भरता 7-8 पीएसआय वाढले. एवढ्या प्रेशरला टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, आणि गाडी वळणात घसरायला लागते. ड्रायव्हरला वाटतं टायर बोगस आहे, टायर बरोबर असतो हो, हवा जास्त झालेली असते.

आमचा सल्ला असा की पहिल्या सेशनला, म्हणजे ट्रॅकवर पहिल्यांदा उतरताना, स्टिकरवरच्या आकड्यानेच जा, आधीच हवा काढून जाऊ नका. मोजक्या लॅप मारा, पिटमध्ये (ट्रॅकच्या बाजूला गाडी थांबवायची जागा) या, आणि लगेच, म्हणजे मिनिट-दोन मिनिटात चारही टायर मोजा. गप्पा मारत बसलात, पाणी प्यायलात आणि मग गेज लावला तर तो आकडा काही कामाचा नाही. शेवटची लॅप अगदी हळू मारली असेल तरी आकडा कमी येतो, तेव्हा दरवेळी एकाच पद्धतीने आत या. हँडब्रेक मात्र ओढू नका, ब्रेक तापलेले असतात, गिअरमध्ये टाका आणि चाकाला लाकूड लावा.

मग गरम असतानाच जादा हवा काढायची. स्विफ्ट, पोलोसारख्या गाडीला साधे रोडचे रेडियल असतील तर गरम 36 ते 38 पासून शोधायला सुरुवात करा, 200 ट्रेडवेअरवाले (ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा, कमी म्हणजे रबर मऊ) चिकट टायर असतील तर 32 ते 35. ही फक्त सुरुवात आहे, पुढचं टायर स्वतः सांगतो. साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीच्या) वरच्या कडेला बहुतेक टायरवर छोटा त्रिकोण असतो, तिथे ट्रेडपासून (रस्त्याला टेकणाऱ्या भागापासून) साइडवॉलपर्यंत पांढऱ्या शू पॉलिशची किंवा खडूची एक आडवी रेघ ओढा आणि सेशननंतर बघा कुठपर्यंत पुसली गेली. त्रिकोणाच्या खालीपर्यंत गेली तर टायर वळणात लोळतोय, हवा वाढवा. त्रिकोणापासून बरीच वर थांबली तर खांद्याचा, म्हणजे ट्रेडच्या कडेचा, वापरच होत नाहीये, एखादा पीएसआय काढून बघा. एका वेळी एक-दोन पीएसआयच बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला तेच कळत नाही.

चारही टायरचे आकडे सारखे येणार नाहीत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा भारही घेतात, तेच जास्त तापतात. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने असेल तर उजवी वळणं जास्त आणि भार डाव्या बाजूला, म्हणून डावा पुढचा सगळ्यात वर जातो. गरम आकडे डाव्या-उजव्या बाजूचे सारखे करायचे, त्यामुळे थंड झाल्यावर डावे कमी दिसतील, ते बरोबरच आहे. पण गरम आकडा काहीही असो, थंड असताना 27 च्या खाली कोणी सांगितलं तरी जाऊ नका. साइडवॉल दुमडून टायर आतून तापतो आणि जोरात वळताना रिमवरून सुटूही शकतो.

नायट्रोजनबद्दल सगळे विचारतात. कोरडी हवा आणि नायट्रोजन गरम झाल्यावर जवळजवळ सारखेच वाढतात, खरा त्रास पाण्याचा. आपल्याकडच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते काढलं नाही तर हवेबरोबर टायरमध्ये जातं, तापल्यावर त्याची वाफ होते आणि प्रेशर अंदाजापेक्षा जास्त चढतं. आमच्याकडे टाकीचं पाणी रोज काढतो, बाहेर कुठे भरत असाल तर विचारायला लाजू नका.

गेज स्वतःचा घ्या आणि दिवसभर तोच वापरा, दोन गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज असतो. आमच्याकडे आणलात तर दुकानाच्या गेजशी ताडून देऊ. गोटा झालेला, पंक्चरची स्ट्रिप मारलेला किंवा खूप जुना टायर ट्रॅकवर नेऊच नका. साइडवॉलवर डॉट (DOT) कोडच्या शेवटी चार आकडे असतात, 2322 म्हणजे 2022 सालचा तेविसावा आठवडा. बाईकचं गणित वेगळं आहे, त्यासाठी दुकानात या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत निघायच्या आधी हवा भरा. गरम असताना 37 वर आणलेला टायर थंड झाल्यावर 30 च्याही खाली येतो, त्यात सामान, चार माणसं, रात्रभर हायवे आणि शेवटी गोव्यात उतरणारा अनमोडचा घाट. पॅडॉकमध्ये (ट्रॅकवरच्या गाड्या लावायच्या आवारात) टायर पूर्ण थंड होऊ द्या, स्टिकरवरच्या आकड्यावर चारही टायर आणा, पंप नसेल तर पहिल्या पेट्रोल पंपावर थांबा. या पत्रकाच्या मागे रिकामा तक्ता छापलाय, त्यात प्रत्येक सेशनचे थंड आणि गरम आकडे, हवामान आणि वेळ लिहा आणि परत आल्यावर दुकानात घेऊन या, पुढच्या वेळी थंड किती भरून सुरुवात करायची ते त्यावरून सांगू.