वीस हजार डॉलर आणि माफीचे पत्र: अमेरिकेच्या युद्धकालीन भरपाईची पात्रता व कागदपत्रे

१९३०च्या मार्शल लॉच्या सोलापुरात स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाच्या अटी अनेक घरांना तोंडपाठ आहेत: साधारणपणे किमान सहा महिन्यांचा कारावास, तुरुंगाचा दाखला, तो नसल्यास सहबंद्याचे प्रमाणपत्र, आणि हे सारे जमवायचे अर्जदारानेच. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबले, त्याच्या भरपाईसाठी १९८८ साली केलेल्या कायद्यात मात्र हा भार सरकारवर टाकला होता. अर्जाची वाट न पाहता आपल्याच दप्तरातून पात्र व्यक्ती शोधून काढण्याचे काम न्याय विभागाचे होते. माझ्या मते माफीच्या पत्रापेक्षाही हे कलम मोलाचे आहे.

पात्रतेसाठी संबंधित व्यक्ती स्थानबद्धतेच्या काळात अमेरिकेची नागरिक किंवा कायदेशीर कायम रहिवासी असणे आणि १० ऑगस्ट १९८८ रोजी, म्हणजे कायद्यावर सही झाली त्या दिवशी, हयात असणे आवश्यक होते. आदल्या दिवशी वारलेल्याच्या वारसांना काहीच मिळत नसे. त्या तारखेनंतर मृत्यू झाला असल्यास रक्कम आधी पती किंवा पत्नीला (विवाह मृत्यूपूर्वी किमान एक वर्ष झालेला हवा), ते नसल्यास मुलांना समान वाट्याने आणि मुलेही नसल्यास आईवडिलांना मिळे. भावंडे व नातवंडे वारसांत धरली जात नसत.

कागदपत्रे मोजकीच होती: सहीचे प्रतिज्ञापत्र, जन्मतारखेचा, ओळखीचा व सध्याच्या पत्त्याचा पुरावा, नाव बदलले असल्यास विवाहाचा दाखला आणि वारसांसाठी मृत्यूचा दाखला. पुराव्याची दोन्ही पारडी समान राहिल्यास संशयाचा फायदा दावेदाराला द्यावा, अशी दुरुस्ती १९९२ मध्ये झाली. रक्कम स्वीकारली की त्या प्रकरणातील सरकारवरचे सर्व दावे मिटले, असे मानले जाई.

वयोवृद्धांना प्राधान्य देऊन ऑक्टोबर १९९० पासून राष्ट्राध्यक्षांच्या माफीच्या पत्रासह प्रत्येकी २०,००० डॉलर देण्यास सुरुवात झाली आणि १९९८ मध्ये योजना बंद होईपर्यंत ८२,२१९ जणांना ते मिळाले. पेरूसारख्या देशांतून अमेरिकेनेच उचलून आणलेल्या जपानी वंशाच्या बंद्यांना मात्र ‘त्या वेळी कायदेशीर रहिवासी नव्हते’ म्हणून वगळण्यात आले. न्यायालयात गेल्यावर १९९८च्या तडजोडीत त्यांना माफी आणि प्रत्येकी ५,००० डॉलर देऊ करण्यात आले.