माळाच्या वीतभर मातीचा हिशेब

दौंड, बारामती, इंदापूर, करमाळा या पट्ट्यातल्या माळावर पहार मारली, की बहुतेक ठिकाणी वीतभर खाली ती खणकन वाजते. वर १५ ते ३० सेंटिमीटर तपकिरी पोयट्याची माती, तिच्याखाली मुरूम किंवा थेट काळा पाषाण. कागदोपत्री ही जमीन 'पडीक' असते. मृदाशास्त्रात तिचं पूर्ण नाव असं: लोमी, मिक्स्ड, सुपरॲक्टिव्ह, कॅल्केरिअस, आयसोहायपरथर्मिक, लिथिक उस्टॉर्थेंट. नाव लांबलचक आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द काही ना काही मोजून ठरतो ('मिक्स्ड' म्हणजे एकाच खनिजाचं वर्चस्व नसलेली, 'सुपरॲक्टिव्ह' म्हणजे चिकणमातीच्या मानाने अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची क्षमता जास्त असलेली; बाकीचे शब्द पुढे येतील), आणि या जमिनीवर काय करावं व काय करू नये हे त्या मोजमापांतच असतं.

या मातीखालचा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ओढ्याकाठची भेगाळणारी काळी जमीनही याच दगडाची. मग माळावर काळी चिकण माती का नाही? फरक उताराचा आहे. बेसाल्ट कुजला की स्मेक्टाइट नावाची फुगणारी चिकणमाती तयार होते. हे कण इतके बारीक असतात की पावसाच्या पाण्याबरोबर सहज वाहून जातात. माथ्यावर वाळू, गाळ आणि थोडीच चिकणमाती उरते. बाकीची खाली खोलगटात साचत जाते. म्हणून माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत गेलं, तर एखाद-दोन किलोमीटरमध्ये बरड, हलकी, मध्यम आणि भारी अशा सगळ्या जमिनी ओळीने भेटू शकतात. शेतकऱ्यांची ही जुनी वर्गवारी आणि प्रयोगशाळेतली वर्गवारी इथे बरीच जुळते, कारण दोन्हींच्या मुळाशी खोली आणि चिकणमातीचं प्रमाण आहे.

आधी खोली मोजावी. इथेच सर्वात जास्त चुका होतात. एका जागी पहार अडली म्हणजे खडक लागला असं नाही. मातीतला सुटा धोंडाही तिला अडवतो. अर्ध्या मीटरच्या घेरात तीन ठिकाणी पहार मारावी आणि सर्वात खोल गेलेला आकडा धरावा. मग उताराच्या दिशेने सरळ रेषेत दर दहा मीटरवर हेच करत जावं. बेसाल्टचा पृष्ठभाग खालून ओबडधोबड असतो, त्यामुळे एका ठिकाणी १२ सेंटिमीटर आणि पाच पावलांवर ३५ सेंटिमीटर अशी तफावत सहज निघते. सरासरी काढून ती तफावत पुसू नये. झाड लावायचं असेल तर नेमकी तीच कामाची असते. खड्डा घ्यायला जागा निवडताना बांध, वारूळ, झुडपाचा बुंधा आणि मेंढ्या बसवलेली जुनी जागा टाळावी.

खड्ड्याच्या तळाशी काय लागलं, यावर वर्गीकरणाची एक मोठी पायरी ठरते. फावड्याने खणताच येत नाही असा अखंड पाषाण ५० सेंटिमीटरच्या आत लागला, तर जमीन 'लिथिक'. टिकावाने ढासळणारा कुजका मुरूम असेल तर ती 'लिथिक' नव्हे. तिच्या नावात 'शॅलो', म्हणजे उथळ, हा शब्द येतो. वरून दोन्ही माळ सारखेच दिसतात, पण मुरमाच्या फटींतून गवताची मुळं आणि थोडं पाणी आणखी खाली उतरतं, पाषाणात ते जवळपास थांबतं. पाहणी करताना ही नोंद राहून गेली, तर पुढचा सगळा अंदाज फसतो.

आता पोत. लोम, म्हणजे पोयटा, म्हणायला चिकणमाती ७ ते २७ टक्के, गाळ २८ ते ५० टक्के आणि वाळू ५२ टक्क्यांपर्यंत असावी लागते. वाळूचे कण २ ते ०.०५ मिलिमीटर, गाळाचे ०.०५ ते ०.००२, त्याहून बारीक ती चिकणमाती. रानात लिंबाएवढा ओला गोळा अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढावी. ती अडीच सेंटिमीटर होण्याआधीच तुटली तर पोयटा. अडीच ते पाचपर्यंत टिकली तर चिकण पोयटा. त्याहून लांब निघाली तर चिकणमाती. माळाच्या मातीत एक गोष्ट फसवते: कुजक्या बेसाल्टचे कण बोटांना वाळूसारखे खरखरीत लागतात, पण चोळत राहिलं की फुटतात. म्हणून गोळा निदान मिनिटभर मळावा. प्रयोगशाळेत पाठवायची माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून हलक्या हाताने चाळावी. खलबत्त्यात कुटलेला मुरूम चाळणीतून खाली गेला, की अहवालात नसलेली माती दिसू लागते.

दुसरी अडचण चुन्याची. चुनखडीच्या मातीत चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून मोठे गठ्ठे बनतात आणि वाळूबरोबर तळाशी बसतात. नुसत्या पाण्यात ढवळून केलेली बरणीची चाचणी त्यामुळे वाळू जास्त दाखवते. प्रयोगशाळेत ५० ग्रॅम मातीला सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं ५ टक्क्यांचं १०० मिलिलिटर द्रावण घालून गठ्ठे सोडवतात. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाळू १० सेंटिमीटर खाली यायला पाऊण मिनिट लागतं. गाळाचा सर्वात बारीक कण तेवढंच अंतर उतरायला आठ तास घेतो. ३० अंशांना पाणी पातळ होतं आणि तेच काम सुमारे साडेसहा तासांत होतं. उन्हाळ्यात तापमानाची दुरुस्ती न करता घेतलेली मापं म्हणूनच चुकतात.

नावातला 'लोमी' शब्द मात्र पोयट्यापेक्षा थोडा सैल आहे. उथळ जमिनीत ३५ टक्क्यांपेक्षा कमी चिकणमाती असली, आणि पोत वाळूचा किंवा पोयट्या वाळूचा नसला, की ती त्यात बसते. अट एकच: दोन मिलिमीटरपेक्षा मोठे दगड आकारमानाने ३५ टक्क्यांच्या आत हवेत. त्याहून जास्त असतील तर 'लोमी-स्केलेटल'. दगड वजनाने मोजले तर आकडा फुगतो, कारण बेसाल्ट सुट्या मातीच्या दुपटीहून जड असतो.

चुना पाहण्यासाठी दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब पुरतात. प्रत्येक थरात फेस आला तर 'कॅल्केरिअस'. हातमोजे घालावेत, आणि थेंब खड्याऐवजी दोन खड्यांमधल्या मातीवर टाकावा. नाहीतर एका चुनखड्यामुळे सगळी जमीन चुनखडीची ठरते. अशा मातीत सामू साधारण ७.५ ते ८.३ असतो, आणि स्फुरद, लोह, जस्त असूनही मुळांना कमी मिळतं.

हे सगळं मिळून जमीन कुठे बसते? अमेरिकेच्या कृषी विभागाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि १९९९ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत सहा पायऱ्या आहेत. नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था भारतातल्या जमिनींसाठी तीच वापरते. काळ्या भारी जमिनीचा व्हर्टिसॉल गण आपल्या माळाला लागू होत नाही, कारण त्यासाठी निदान ३० टक्के चिकणमाती आणि फुगण्या-आकसण्याच्या खुणा लागतात. इन्सेप्टिसॉल व्हायला मातीत बदललेला मधला थर हवा. तो निदान १५ सेंटिमीटर जाड असावा आणि जमिनीखाली २५ सेंटिमीटरपर्यंत तरी पोहोचावा. वीस सेंटिमीटरच्या मातीत त्याला जागाच नाही. म्हणून ती एंटिसॉल, म्हणजे थर न घडलेली माती; नावाच्या शेवटचं 'एंट' ते हेच. पण याच माळावर ४० सेंटिमीटर खोलीचा, थर घडलेला तुकडा सापडला तर तो लिथिक हॅप्लुस्टेप्ट, म्हणजे इन्सेप्टिसॉलमधला एक प्रकार, ठरेल. एका माळाला सरसकट एक नाव देता येत नाही.

'उस्ट' म्हणजे वर्षात ९० दिवसांहून जास्त कोरडी, पण वाढीच्या हंगामात ओल असणारी. 'आयसोहायपरथर्मिक' म्हणजे मातीचं वार्षिक सरासरी तापमान २२ अंश किंवा जास्त, आणि उन्हाळा-हिवाळ्यातला फरक ६ अंशांपेक्षा कमी. इतका तापणारा माळ आणि फरक एवढाच? या पद्धतीत उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. तो आपला पावसाळा, त्यामुळे मे महिन्याची आग या हिशेबात उतरतच नाही.

आता या नावाचा उपयोग बघू. पोयट्याची माती दर सेंटिमीटर खोलीला पिकाला उपयोगी असं साधारण दीड मिलिमीटर पाणी धरते. २० सेंटिमीटर खोली आणि २० टक्के दगड धरले तर २० × १.५ × ०.८, म्हणजे २४ मिलिमीटर. पावसाळ्यातल्या उघडिपीत पीक रोज ४ मिलिमीटर पाणी पितं. सहा दिवसांत साठा संपला! या पर्जन्यछायेत दोन-तीन आठवड्यांची उघडीप नेहमीची, म्हणून बाजरी कणसात येताना करपते. खत वाढवून हे सुटत नाही. अडचण पाणी साठवायला जागाच नसण्याची आहे.

शेडा, पवन्या, डोंगरी ही बारमाही गवतं मात्र याच हिशेबात बसतात. ओल संपली की ती पान आवळून घेतात, वरचा भाग वाळू देतात आणि पुढच्या पावसात बुडख्यातून पुन्हा फुटतात. बुडखा मेला तर मात्र माळ संपतो. बी तयार व्हायच्या आधी वर्षानुवर्षं पूर्ण चरलेल्या माळावर आधी ही गवतं जातात आणि कुसळी वाढते. तीही विरळ झाली, की उघड्या मातीवर थेंब आदळून बारीक गाळ छिद्रांत बसतो, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचं थांबतं. पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत चराई बंद ठेवावी, नंतरही निम्मं गवत उभं राहू द्यावं. धनगरांच्या मेंढ्या फिरत्या राहिल्या तर माळाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते कळप एकाच जागी अडकून पडल्यावर.

नांगरट हे सर्वात महाग पडणारं काम. एक हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली म्हणजे १० घनमीटर, सुमारे १३ टन. ज्या जमिनीची सगळी माती २०० मिलिमीटर आहे, तिथे एका जोरदार वळवाने नांगरलेल्या रानातून नेलेली माती माणसाच्या हयातीत परत तयार होत नाही.

झाडांच्या बाबतीतही हाच हिशेब. पाषाणात ६० सेंटिमीटरचा घनखड्डा खोदून बाहेरची माती भरली, तर ती जमीन न होता कुंडी होते: पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं कुजतात आणि एप्रिलमध्ये तीच माती हाडासारखी वाळते. लागवड करायचीच असेल तर पहारीच्या नोंदींत ज्या जागी ४० सेंटिमीटरच्या पुढे मुरूम लागला, तिथेच बोर, हिवर, बाभूळ लावावीत. मधला उथळ भाग गवतालाच सोडावा. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी आणि मयूरेश्वर अभयारण्यातलं चिंकारा हरीण याच उघड्या माळावर जगत आले आहेत. सलग झाडोऱ्यात त्यांना जागा नाही.