क्रोगस्टाडच्या पत्रामागचा कायदा

हेन्रिक इब्सेन या नॉर्वेजियन नाटककाराच्या ‘अ डॉल्स हाउस’मध्ये नोराला ब्लॅकमेल करणारा वकील क्रोगस्टाड तिच्याकडे पैसे मागत नाही. त्याला बँकेतली आपली दुय्यम नोकरी टिकवायची आहे. नव्या वर्षापासून नोराचा नवरा टोरवाल्ड हेल्मर त्या बँकेचा मॅनेजर होणार आहे, आणि क्रोगस्टाडला काढून टाकायचं त्याने ठरवलंय. कारण तरी काय? क्रोगस्टाडच्या हातून पूर्वी खोट्या सहीचा गुन्हा घडलाय, हे सांगायचं कारण. खरं बोचतं ते वेगळंच: तरुणपणीच्या ओळखीच्या जोरावर तो चारचौघांत टोरवाल्डला अरे-तुरे करतो. हे टोरवाल्ड स्वतःच बायकोला सांगतो. अशा नवऱ्याच्या हाती आपलं गुपित पडलं तर काय होईल, हे नोराला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

गुपित कर्जाचं आहे. काही वर्षांपूर्वी टोरवाल्ड आजारी पडला, डॉक्टरांनी दक्षिणेकडे न्यायला सांगितलं, आणि नोराने त्याला न कळवता क्रोगस्टाडकडूनच 1200 स्पेशीडालर उचलून त्याला इटलीला नेलं. नाटकात ती ही रक्कम लगेच 4800 क्रोनर अशीही सांगते, कारण नॉर्वेत नवं चलन नुकतंच, 1875 साली आलं होतं. कर्जाला जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती. ती नोरानेच ठोकून दिली आणि खाली तारीख घातली 2 ऑक्टोबर. वडील 29 सप्टेंबरलाच वारले होते.

तिने स्वतःच्या नावावर कर्ज का घेतलं नाही, याचं उत्तर नाटकात नोराची विधवा मैत्रीण श्रीमती लिंडे एका वाक्यात देते: नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही. नॉर्वेत 1687 च्या जुन्या संहितेपासून बाईवर कुणा ना कुणा पुरुषाची पालकी असे. विधवा तेवढी सुटलेली. 1863 मध्ये पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित स्त्रीला पुरुषाप्रमाणेच सज्ञान मानलं गेलं. पण लग्न लागलं की तीच बाई कायद्याने पुन्हा अज्ञान व्हायची, तिचा पालक म्हणजे नवरा. म्हणून या नाटकात स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई विधवा आहे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

अशा घरात नवऱ्याचा जीव वाचवणारी गोष्टही चोरूनच करावी लागते, आणि जे चोरून केलं त्यावर कुणीतरी बोट ठेवून बसणारच. क्रोगस्टाड हे सगळं कळवणारं पत्र टोरवाल्डला लिहितो; पण तो वाईट आहे म्हणून त्या पत्राला धार येत नाही. ती धार कायद्याने आणि टोरवाल्डच्या अब्रूच्या कल्पनेने दिलेली आहे.

इब्सेनला हे सुचलं ते एका जिवंत बाईच्या हालांवरून. लॉरा पीटरसन या तरुण लेखिकेने त्याच्या ‘ब्रँड’ या नाटकाला उत्तरादाखल 1869 मध्ये एक कादंबरी लिहिली, तिथून ओळख झाली. तो तिला लाडाने चंडोल म्हणे. टोरवाल्डही नोराला तेच म्हणतो. 1873 मध्ये लॉराने व्हिक्टर कीलर या डॅनिश शिक्षकाशी लग्न केलं. त्याला क्षय झाला. तिने गुपचूप कर्ज काढून त्याला इटलीला नेलं, तो बराही झाला. कर्ज मात्र फिटेना. 1878 मध्ये तिने एक हस्तलिखित इब्सेनकडे पाठवलं: प्रकाशकाकडे शब्द टाकावा, म्हणजे चार पैसे मिळतील. इब्सेनला लिखाण सुमार वाटलं. त्याने शब्द टाकला नाही, उलट नवऱ्याला सगळं सांगून मोकळी हो, असा सल्ला दिला. लॉराने हस्तलिखित जाळलं आणि खोट्या सहीचा मार्ग धरला. प्रकरण उघडं पडलं, नवरा विभक्त व्हायला निघाला, आणि तिला काही काळ वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आलं. पुढे ती मुलांसाठी त्याच घरात परतली. ती 1932 पर्यंत जगली, बरीच पुस्तकं लिहिली, तरी लोकांच्या लेखी ‘नोरा’च राहिली.

1878 च्याच ऑक्टोबरात इब्सेनने रोममध्ये नाटकाची पहिली टिपणं केली. बाईची सदसद्विवेकबुद्धी वेगळी आणि पुरुषाची वेगळी, पण न्याय मात्र बाईचाही पुरुषी कायद्याने होतो, असा त्यांचा आशय. शब्द न टाकणाऱ्या इब्सेनने तिचं आयुष्य मात्र नाटकासाठी उचललं, हे पचवणं मला आजही जड जातं.

कारागिरीच्या बाजूने हे नाटक जुन्याच मुशीतलं आहे. तरुणपणी बर्गनच्या नाट्यगृहात नोकरी करताना इब्सेनने स्क्रीबसारख्या फ्रेंच नाटककारांचे ढीगभर प्रयोग बसवले होते. तिथे पत्रं, गुपितं, धमक्या यांवरच सगळा डोलारा असे, आणि धमकी टळली की पडदा पडे. इथेही पत्र आहे, कुलपातली पत्रपेटी आहे, किल्ली नवऱ्याच्या खिशात आहे. पण क्रोगस्टाडचं मन पालटतं, तो कर्जरोखा परत करतो, ब्लॅकमेल संपतं, आणि लग्न मोडून नोरा घर-मुलं सोडून जाते ती त्यानंतर. पहिलं पत्र वाचून टोरवाल्ड तिला मुलं वाढवायला नालायक ठरवतो. दुसरं वाचताच म्हणतो, मी वाचलो.

4 डिसेंबर 1879 ला कोपनहेगनमध्ये पुस्तक निघालं. 8000 प्रतींची आवृत्ती महिनाभरात संपली. 21 डिसेंबरला तिथल्याच रॉयल थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. जर्मनीत नोरा करणाऱ्या हेडविग नीमान-राबेने मुलांना सोडून जायला साफ नकार दिला. इब्सेनच्या हक्कांना तिथे कायद्याचं संरक्षण नव्हतं, कुणीही शेवट बदलू शकला असता. म्हणून त्यानेच चरफडत दुसरा शेवट लिहून दिला: टोरवाल्ड तिला झोपलेल्या मुलांच्या दारापर्यंत नेतो आणि ती तिथेच कोसळते. हा नाटकावरचा रानटी अत्याचार आहे, असं त्यानेच म्हणून ठेवलंय. म्हणजे तोही एका परीने कायद्याच्या कात्रीत सापडलेला, फक्त त्याला वेड्यांच्या इस्पितळात कुणी धाडलं नाही.

विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्ता ठेवता यावी, यासाठी 1884 मध्ये नॉर्वेच्या संसदेकडे अर्ज गेला. त्यावर इब्सेन, ब्यर्नसन, ली आणि कीलांड या चौघा लेखकांच्या सह्या होत्या. (यातल्या ब्यर्नसनच्या नाटकावरूनच 1933 मध्ये मराठीत ‘आंधळ्यांची शाळा’ आलं.) 1888 च्या कायद्याने विवाहित स्त्री सज्ञान ठरली आणि तिची कमाई तिच्या ताब्यात आली. नोराने रात्री जागून कागदपत्रांच्या नकला करत मिळवलेले पैसे या कायद्याखाली तिचेच ठरले असते, कर्जावरही तिची एकटीची सही चालली असती. सामाईक मालमत्तेचा कारभार मात्र नवऱ्याकडेच राहिला.