हात उचलला की कोपर का मिटतं?

व्हॉट्सॲपवर तो फॉरवर्ड परत फिरतोय, स्ट्रोक आला की पेशंटच्या दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा म्हणे, जीव वाचतो. नाही वाचत, नुसता वेळ जातो, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही आधी सीटी स्कॅन करून. कबुतराच्या रक्ताने मालिश करणारेही आहेतच, त्यांच्याबद्दल काय बोलणार. पण मला लिहायचंय ते दुसऱ्याच एका गैरसमजाबद्दल, जो चांगल्या शिकलेल्या घरांतही असतो: स्ट्रोकने हातातली ताकद गेली, तर रबरी चेंडू द्या आणि दाबत बसवा.

ताकद जाते हे खरंच आहे. पण टेबलावरचा ग्लास घ्यायला हात पुढे नेण्यात ताकदीपेक्षा हिशोब जास्त असतो. १९८१ साली पिएत्रो मोरासो या संशोधकाने माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी हात न्यायला लावून मोजलं, तर खांदा-कोपर कसेही वाकडेतिकडे फिरोत, पंजा मात्र जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि त्याच्या वेगाचा आलेख घंटेसारखा येतो, एकदा चढतो, एकदा उतरतो, बास. स्ट्रोकनंतर या एका घंटेच्या जागी छोटे छोटे पाच-सात उंचवटे दिसतात, म्हणजे हात थोडा जातो, अडतो, परत थोडा जातो. सुधारणा व्हायला लागली की हे तुकडे कमी होतात, मोठे होतात आणि एकमेकांत मिसळायला लागतात.

आता माझा आवडता भाग. मेंदूच्या वरच्या थरातून निघालेल्या हालचालीच्या नसा खाली येताना इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अरुंद पट्ट्यातून जातात, मग त्यातल्या बहुतेक बाजू बदलतात (म्हणून डाव्या मेंदूतला स्ट्रोक उजव्या हाताला), आणि याच वाटेमुळे आपल्याला एकेक सांधा सुटा हलवता येतो. त्या पट्ट्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिनीत छोटीशी गुठळी अडकली तरी ही वाट तुटते. मग शरीर ब्रेनस्टेममधून (मेंदू आणि मणक्याला जोडणाऱ्या देठातून) येणाऱ्या जुन्या वाटांवर जास्त भिस्त ठेवतं असं संशोधकांना वाटतं, पण त्या वाटा एकाच वेळी बऱ्याच स्नायूंना हुकूम देतात, खोलीखोलीचे स्विच जाऊन मजल्याचा एकच मेन स्विच उरावा तसं. परिणाम असा की दंड बाजूला उचलायला गेलं की कोपर, मनगट, बोटं सगळी आपोआप मिटतात. त्यात भर म्हणजे कोपर फिरताना खांद्याला झटका बसतो आणि खांदा फिरताना कोपराला, हे एकमेकांवरचे टॉर्क, म्हणजे सांधा फिरवणारे जोर, निरोगी मेंदू आधीच ओळखून त्यांची भरपाई करून ठेवतो, स्ट्रोकनंतर तीही नीट होत नाही, म्हणून वेगात गेलं तर निशाणा जास्तच चुकतो. (हा टॉर्कचा भाग डोक्यावरून गेला तर सोडून द्या, पुढचं तरी वाचा.)

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ज्युलियस ड्यूवाल्ड यांच्या गटाने रोबोटने हाताचं वजन उचलून धरलं. तोच पेशंट, तोच हात, पण वजनाचा भार काढला की हात कितीतरी लांब पोचतो, आणि भार वाढवत नेला की पोच आक्रसत जाते. कोपर सरळ करणारा स्नायू नुसता कमजोर असता तर खांद्यावरच्या भाराने इतका फरक पडला नसता. त्यामुळे फिजिओ हात टेबलावर टेकवून पुढे सरकवायला सांगतात त्यात टाइमपास नाही. आणि चेंडू दाबणं म्हणजे जी मूठ आपोआपच मिटतेय तिलाच आणखी मिटवणं, अडचण बोटं उघडण्यात असते.

घरचे अजून एका गोष्टीने फसतात. पेशंट कंबरेतून पुढे झुकतो, ग्लासपर्यंत हात पोचतो, सगळे खूश, पण कोपर उघडलेलंच नसतं. काही थेरपिस्ट मुद्दाम छाती खुर्चीला पट्ट्याने बांधून सराव घेतात ते यासाठीच.

आणि 'चांगला' हातही पूर्ण चांगला नसतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यांमध्ये डाव्या मेंदूला इजा झाली तर डावा हातही निघताना दिशा चुकतो, उजव्या मेंदूला झाली तर उजवा हात निघतो बरोबर पण नेमक्या जागी थांबत नाही. त्या हाताने शर्टाची बटणं लावायला वेळ लागतोय असं पेशंट म्हणाला तर तो नाटक करत नसतो.