खुलासा: कॅनडात आदिवासींना कॉलेज फुकट?

‘कॅनडात प्रत्येक आदिवासी विद्यार्थ्याचं कॉलेज सरकार फुकट करतं’ हा मेसेज तिथल्या आपल्या मुलांच्या ग्रुपवरही फिरतो. ऐकायला खरा वाटतो, कारण मदत आहेच. पण ‘प्रत्येक’ आणि ‘फुकट’, दोन्ही चूक.

फर्स्ट नेशन्स म्हणजे कॅनडातल्या आदिवासींचा सर्वांत मोठा गट. त्यांच्यासाठीचा मुख्य निधी सरकारकडे आदिवासी म्हणून नोंद असलेल्यांनाच मिळतो. नोंद नसलेले बाहेर. इन्युइट (उत्तर ध्रुवाकडचे आदिवासी) आणि मेटिस (आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाचे) यांच्या योजना वेगळ्या. पैसा बहुधा समुदायाच्या शिक्षण कार्यालयामार्फत येतो, तोही मोजका. 1996 पासून कित्येक वर्षं त्याची वाढ वर्षाला 2 टक्क्यांवरच रोखली होती. विद्यार्थी आणि फी मात्र वाढत गेली. म्हणून प्रवेश मिळूनही मुलं प्रतीक्षायादीत अडकतात, आणि हे फार वाईट आहे.

पडताळायचंय? अशा एखाद्या कार्यालयाची नियमावली उघडा: अर्जाची मुदत, प्राधान्यक्रम आणि ‘निधी उपलब्ध असल्यास’ ही अट.