सरबताच्या बाटलीवरचा कप: रुंद की उभट?

उन्हाळा लागला की कोल्हापुरातल्या किराणा दुकानांत कोकम सरबताच्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात. लेबलावर कृती असते ती बहुधा अशी: 'दोन झाकणं सरबत, ग्लासभर गार पाणी'. झाकण म्हणजे माप, हा समज फिनेलपासून सरबतापर्यंत सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. 28 मिमी मानेच्या बाटलीच्या झाकणात जेमतेम चमचाभर मावतं. तेवढ्यात पाण्याला धड रंगही येत नाही, मग माणूस लेबल सोडून देतो आणि डोळ्यांच्या अंदाजानं ओततो.

अंदाज किती महाग पडतो ते पाहू. सरबताच्या पाकात साखर साधारण 65 टक्के असते आणि असा पाक पाण्यापेक्षा जड असतो, 1 मिलीचं वजन सुमारे 1.3 ग्रॅम. म्हणजे 30 मिली पाकात 26 ग्रॅम साखर आणि 40 मिलीत 34 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्के, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम, ठेवली; शक्य झाल्यास 25 च बरी असंही सांगितलं. हात जरा सैल सुटला की दोन चमचे साखर जास्त, आणि 750 मिलीच्या बाटलीतून 25 ऐवजी 19 ग्लास.

उपाय सरळ दिसतो: झाकणावर उलटा बसणारा, ओढला की सुटणारा 30 मिलीचा कप. खरी गंमत त्याच्या व्यासात आहे.

समजा, रेघेपर्यंत भरताना पातळी 1 मिमी वरखाली झाली. स्वयंपाकघरात एवढं होणारच. कप 50 मिमी रुंद असेल तर 30 मिली सरबताची उंची फक्त 15 मिमी होते आणि 1 मिमीची चूक म्हणजे 2 मिली, जवळजवळ साडेसहा टक्के. व्यास 34 मिमी केला तर उंची 33 मिमी आणि तीच चूक 0.9 मिलीची, 3 टक्के. 20 मिमीच्या नळीसारख्या कपात उंची 95 मिमी आणि चूक 1 टक्का. प्रयोगशाळेतलं मोजपात्र उभट का असतं ते यावरून कळतं. मग सरबताचा कपही उभटच हवा?

नाही. कारण पाक भिंतीला धरून राहतो. आपण मोजतो ते कपात गेलेलं, ग्लासात पडतं ते कपातून बाहेर आलेलं. कप उपडा केल्यावर भिंतीवरून निथळणाऱ्या द्रवाच्या थराचा हिशेब ब्रिटिश गणितज्ञ आणि भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी 1930 मध्ये मांडला. वरच्या टोकापासून एखाद्या ठिकाणी थर किती जाड असेल? त्या ठिकाणापर्यंतचं अंतर गुणिले द्रवाचा चिकटपणा, भागिले घनता, गुरुत्वत्वरण आणि निथळायला दिलेला वेळ. जे येईल त्याचं वर्गमूळ. वर्गमूळ आलं की व्यवहार चमत्कारिक होतो. थर निम्मा करायचा तर दुप्पट थांबून भागत नाही, चौपट थांबावं लागतं. पाच सेकंदांनंतर कप झटकत उभे राहणारे लोक फारसं काही कमवत नाहीत.

65 टक्के साखरेचा पाक 20 अंशांना पाण्याच्या सुमारे दीडशेपट चिकट असतो. कप 5 सेकंद उपडा धरला तर 34 मिमीच्या कपाच्या भिंतीवर सरासरी 0.18 मिमीचा थर उरतो, म्हणजे साधारण 0.65 मिली, 2 टक्के. 50 मिमीच्या बुटक्या कपात भिंत कमी आणि निथळायचं अंतरही कमी, तिथं फक्त 0.3 मिली उरतं. 20 मिमीच्या उभट कपात मात्र दोन्ही गोष्टी उलट्या जातात: भिंतीचं क्षेत्रफळ वाढतं, अंतर वाढल्यामुळे थरही जाड होतो, आणि 1.9 मिली, म्हणजे 6 टक्के सरबत आतच राहतं. दोन्ही तोटे एकत्र धरले तर 28 ते 35 मिमी व्यासाचा पट्टा सगळ्यात कमी चुकीचा ठरतो. काटेकोर बोलायचं तर या दोन चुका एका जातीच्या नाहीत. वाचनाची चूक कधी जास्त, कधी कमी अशी होते. चिकटून राहणारं सरबत नेहमी एकाच बाजूनं खातं. म्हणून रेघ थोडी वर चढवून ते भरून काढता येईल असं वाटतं, पण चिकटपणा तापमानावर भलताच हलतो. डिसेंबरच्या पहाटे 15 अंशांना आणि एप्रिलच्या दुपारी 35 अंशांना तोच पाक साडेतीन ते चारपट वेगळा वागतो, थरात जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. एक रेघ दोन्ही ऋतूंना पुरत नाही.

सुटका यापेक्षा सोपी आहे. सरबताला मिली नको असतात, प्रमाण हवं असतं. एक कप सरबत आणि त्याच कपानं पाच कप पाणी. कप 30 ऐवजी 28.7 मिलीचा निघाला तरी गोडी तीच राहते, ग्लास तेवढा किंचित उणा भरतो. आणि पहिला पाण्याचा कप भिंतीवरचा पाक विसळून ग्लासात नेतो. यात क्रमाला महत्त्व आहे, आधी सरबत, मग पाणी. पाणी आधी मोजलं तर विसळण्याचा फायदा गेला. लेबलावर एवढी एक ओळ हवी. अर्थात पुष्कळ घरांत पाणी थेट माठातून ग्लासात जाणार, त्यामुळे व्यासाचं गणित फुकट जात नाही. काकवीसाठी मात्र हा कप वापरू नये. ती पाकापेक्षा कितीतरी दाट, तिला वजनकाटाच बरा.

आणि कपावर 5 मिलीची रेघ हौसेनंही काढू नये. 34 मिमी व्यासात 5 मिली म्हणजे साडेपाच मिमी उंची, तिथं 1 मिमीची चूक 18 टक्क्यांची होते. रेघ दिसली की कोणीतरी त्यात मुलाचं खोकल्याचं औषध मोजतंच. औषधाला औषधाबरोबर आलेलं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी.

आता साच्याकडे. कप पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा, भिंत 1.2 मिमी, आतली खोली 42 मिमी. साच्यातून सुटायला प्रत्येक बाजूला 1 अंश ड्राफ्ट, म्हणजे भिंतीला उतार; त्यामुळे तोंड बुडापेक्षा दीड मिमीनं रुंद. वर धरलेला 34 हा सरासरी व्यास. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव या कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतींतल्या पॅटर्नमेकरला, म्हणजे ओतकामाचे नमुने करणाऱ्या कारागिराला, आकुंचन शिकवावं लागत नाही. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतकामाला मीटरमागे सुमारे 10 मिमी वाढवून द्यायची सवय त्याच्या हातात असते. पॉलिप्रॉपिलीनला 15 ते 20 द्यावे लागतात. फसगत होते ती लांबी आणि आकारमान यांच्यात. लांबीत दीड टक्का आकुंचन म्हणजे आकारमानात साडेचार टक्के, कारण ते तिन्ही दिशांना होतं. आकुंचन न धरता 30 मिलीचा साचा केला की 28.7 मिलीचा कप बाहेर पडतो.

म्हणून पहिल्या चाचणीच्या वेळी साच्यात रेघ कोरूच नये. कोरी कॅव्हिटी, म्हणजे साच्याची पोकळी, चालवून काही कप काढावेत आणि 24 तास ठेवावेत, कारण पॉलिप्रॉपिलीन साच्याबाहेर आल्यावरही आक्रसत राहतं. मग 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर कप ठेवून 30 ग्रॅम पाणी घालावं आणि पातळीवर खूण करावी. पोलादातून धातू काढून रेघ खोल करता येते, पण चुकीच्या जागची रेघ बुजवायची तर वेल्डिंग आलं. रेघ बाहेरच्या बाजूला, 0.3 मिमी उठावाची असावी; आत असली तर पाक तिथंच अडकतो. काचेत पाणी कडेला वर चढतं तसं या प्लॅस्टिकवर चढत नाही, पातळी जवळजवळ सपाट दिसते. गडद कोकमाला ते सोयीचं, कारण त्यात वक्राचा तळ दिसलाच नसता.

कप धरून कशाला ठेवायचा? बाटलीच्या खांद्याला नको. पेट (PET) प्लॅस्टिकच्या बाटलीची मान प्रीफॉर्मबरोबर, म्हणजे फुगवण्याआधीच्या जाड नळीबरोबर, इंजेक्शन साच्यात तयार होते, म्हणून तिची मापं पक्की असतात. खांदा नंतर हवेनं फुगवलेला, तो बाटलीगणिक थोडा बदलतो. झाकणही साच्यातलंच, त्याचा बाहेरचा व्यास सुमारे 30 मिमी. तेव्हा कपाच्या तोंडाशी, रेघेच्या वर, आतून तीन उभ्या रिब, म्हणजे उठावाच्या बारीक पट्ट्या, काढाव्यात, झाकणावर प्रत्येकी 0.15 मिमी दाब येईल अशा. तीन ठिकाणी दाबला की कप किंचित तिकोनी होऊन धरतो आणि मापातला थोडाफार फरक गिळून टाकतो. सलग कडं काढलं तर कप लावताना आत हवा कोंडते, तो पिस्टनसारखा परत वर उडतो. शिवाय धुऊन ओला लावलेला कप आत वाळत नाही. रिबची जाडी भिंतीच्या निम्मी ठेवावी, नाहीतर बाहेरून खड्डे, म्हणजे सिंक मार्क, पडतात.

'कप तांब्याचा करा, विकला जाईल' हा सल्ला हमखास मिळतो. कोकमातलं आम्ल तांबं विरघळवतं. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवण्याआधी कल्हई लावणाऱ्यांना हे ठाऊक होतं. आरोग्याच्या नावानं तांबं विकणाऱ्यांना ते अडचणीचं आहे. पेट बाटलीवर मिरवणारी 'बीपीएमुक्त' ही पाटीही तशीच. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए, ते पॉलिकार्बोनेट हे दुसरं प्लॅस्टिक बनवायला लागतं, पेटमध्ये ते नसतंच.

एक अडचण साखरेचीच आहे. ओतताना मानेवरून ओघळलेला पाक आट्यांत वाळतो आणि झाकण जाम होतं. कप ओढायला गेलं की मग हात झाकणावरच घसरतो. मानेची कड गोल न ठेवता धारदार ठेवली तर शेवटचा थेंब तुटतो. गरम पाक थेट भरू नये, साधं पेट 70 अंशांच्या पुढे मऊ पडून मान वाकडी होते. कप जागेवर ठेवायला वरून जे वेष्टन आकसवतात ते पीव्हीसीचं नसावं. भंगारात पेट पाण्यात बुडतं आणि पॉलिप्रॉपिलीनचा कप तरंगतो, त्यामुळे दोन्ही आपोआप वेगळे होतात. पीव्हीसी मात्र पेटबरोबर तळाला जातं आणि सगळा घाणा बिघडवतं.