गाडीचे अ‍ॅव्हरेज वाढवण्याचे घरगुती उपाय

तेवढ्याच इंधनात गाडी जास्त किलोमीटर जावी म्हणून मालकाने स्वतः किंवा नेहमीच्या मेकॅनिकला हाताशी धरून गाडीत केलेले फेरफार. इंधनामागे किती किलोमीटर, या हिशेबाला मराठीत सर्रास ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. नव्या गाडीचे पेढे हातावर पडले की पहिला प्रश्न येतो तो ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हाच. भारतात ते लिटरमागे किलोमीटर असे मोजतात, सीएनजीवर किलोमागे.

हे फेरफार तीन प्रकारचे असतात. गाडीला अडवणारा विरोध कमी करणारे, इंजिनाची जुळणी बदलणारे आणि बाजारातून आणून जोडायची उपकरणे. पहिल्या प्रकारात खरा फायदा आहे. दुसरा प्रकार कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाड्यांबरोबर मागे पडला. तिसऱ्यात पैसे जातात आणि हाती काही लागत नाही.

इंधन जाते कुठे

टाकीत भरलेल्या पेट्रोलमधली साधारण १२ ते ३० टक्के ऊर्जाच चाकांपर्यंत पोचते. बाकीची बहुतेक रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णता होऊन निघून जाते. ही उष्णता कशी वाचवता येईल, हा विचार गाडीशी खटपट करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी येतो. पण उष्णतेचे काम किती होऊ शकते याला उष्मागतिकीची मर्यादा आहे आणि ती गॅरेजमध्ये ओलांडता येत नाही. घरच्या घरी हात पोचतो तो दुसऱ्या टोकाला, म्हणजे गाडीला पुढे जाताना जे अडवते तिथे.

सपाट रस्त्यावर, एका वेगाने जाताना अडवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन, आणि दोन्हींत हवाच आहे: चाकातली आणि समोरची. हजारेक किलोची साधी हॅचबॅक धरली तर टायरचा विरोध सुमारे ११ किलो वजनाएवढा भरतो आणि वेग वाढला तरी तो फारसा बदलत नाही. समोरच्या हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किलोमीटरला तो ५ किलोएवढा असतो, ६० ला टायरच्या बरोबरीने ११, ८० ला २० आणि १२० ला ४५. म्हणून शहरात फिरणाऱ्या गाडीला हवा कापण्यासाठी केलेल्या बदलांचा काही उपयोग नाही. तिथे वजन, टायर आणि उगाच चालू ठेवलेले इंजिन हेच मोठे. सिग्नलला उभ्या गाडीत तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल नुसते जळते.

याच आकड्यांवरून समृद्धी महामार्गाचा हिशेब मांडता येतो. मुंबई ते नागपूर हे ७०१ किलोमीटर १२० च्या वेगमर्यादेला चिकटून जाण्याऐवजी ९० ने गेले, तर एकूण विरोध ५६ किलोवरून ३६ वर येतो. इंधनातला फरक अगदी याच प्रमाणात पडत नाही, कारण जास्त भाराखाली इंजिन जरा बरे काम करते. तरीही कोणत्याही जोडणीने मिळेल त्याहून तो मोठा असतो. त्यासाठी सुमारे दोन तास जास्त द्यावे लागतात.

चाकातली हवा

सर्वांत स्वस्त आणि हमखास उपाय हाच. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीनुसार चारही चाकांत १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा कमी झाली की अ‍ॅव्हरेज साधारण ०.२ टक्क्याने घसरते. आकडा लहान दिसतो, पण बरेच महिने हवा न पाहिलेल्या गाडीत ६ ते ८ पीएसआयची तूट सहज निघते. हवा थंड चाकात तपासायची असते. पंधरा-वीस किलोमीटर चालवून पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि काटा ३-४ पीएसआय जास्त दाखवतो. ‘बरोबर आहे’ असे ऐकून मालक निघतो आणि चाक प्रत्यक्षात कमी हवेवरच धावत राहते. घरी एक साधा गेज ठेवावा, सकाळी गाडी हलवण्याआधी व्हॉल्व्हचे टोपण काढून तो दाबावा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी आकडा ताडून पाहावा. चार चाकांना पाच मिनिटे लागतात.

परदेशातले अ‍ॅव्हरेजवेडे टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भरतात. त्याने विरोध घटतो हे खरे. पण टायर मधोमध झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि आपल्याकडच्या खड्ड्यांत टायर आणि रिम दोघांनाही मार बसतो. स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेला आकडा ही इथली शहाणपणाची वरची मर्यादा. साध्या हवेऐवजी चाकात भरतात त्या नायट्रोजनचा फायदा एवढाच की दाब थोडा सावकाश उतरतो. नुसत्या नायट्रोजनने अ‍ॅव्हरेज वाढत नाही.

टायर रुंद करून घेणे हा नेमका उलटा बदल आहे. रुंद टायर आणि जड अलॉय यांनी विरोध वाढतो. शिवाय टायरचा घेर मोठा झाला की किलोमीटरचा काटा कमी अंतर दाखवतो आणि हिशेबच चुकतो.

चाकाशी आणखी एक तपासणी घरी होते. गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवावे. ते मोकळे फिरून हळूहळू थांबायला हवे. पावसाळ्यात बरेच दिवस हँडब्रेक ओढून उभ्या राहिलेल्या गाडीत मागचे ब्रेक चिकटतात आणि पूर्ण सुटत नाहीत. अशी गाडी चालवून आल्यावर एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागते. तो ब्रेक मोकळा केला की जे अ‍ॅव्हरेज परत येते त्याला खरे तर सुधारणा म्हणायला नको, ती दुरुस्ती आहे. ‘वाढलेल्या अ‍ॅव्हरेज’च्या बऱ्याच कथांच्या मुळाशी अशीच एखादी दुरुस्ती असते.

समोरची हवा

या विषयावरचा एक बोलका प्रयोग ‘नासा’ने केला. १९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या ड्रायडन केंद्रातले अभियंते एडविन सॉल्ट्झमन सायकलवरून कामावर जात. शेजारून ट्रक गेला की हवेचा लोट आधी ढकलतो आणि मग आत ओढतो, हे त्यांच्या अंगाला जाणवले. केंद्राने जुनी मालवाहू व्हॅन घेतली आणि तिच्यावर पत्रे चढवून तिचा काटकोनी खोका केला. मग ती वेगात आणून, इंजिनाचा जोर चाकांपासून तोडून मोकळी धावू दिली आणि वेग कसा उतरतो ते मोजले. नंतर फक्त कडा गोल केल्या. आतली जागा जेमतेम ३ टक्क्यांनी घटली, पण हवेचा विरोध जवळपास निम्म्यावर आला. मागे निमुळते शेपूट लावल्यावर तो आणखी उतरला. आज ट्रकच्या केबिनवर दिसणारे गोलाई आणि पडदे या कामाच्या वाटेनेच आले.

घरगुती फेरफारांत हेच तत्त्व लहान प्रमाणावर वापरतात. समोरच्या जाळीचा काही भाग बंद करणे, चाकांवर सपाट झाकणे बसवणे, मागची चाके अर्धी झाकणे, गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा लावणे. यासाठी फ्लेक्सवाल्यांकडे मिळणारा पोकळ नळ्यांचा प्लास्टिक पत्रा चालतो. तो हलका असतो आणि कात्रीने कापता येतो.

पण यातले बरेच उपाय थंड मुलखातले आहेत आणि ते इकडे जसेच्या तसे उचलू नयेत. हिवाळ्यात शून्याखाली जाणाऱ्या गावात जाळी झाकली तर इंजिन लवकर तापते आणि तो फायदाच असतो. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला तेच केले तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर दोघांचीही हवा तुटते, पंखा सतत फिरतो आणि वाचलेले तिथेच जाते. पोटाखालच्या पत्र्याला आपले गतिरोधक आडवे येतात. तो सायलेन्सरला लागून असला तर आगीचा धोका वेगळाच.

आपल्याकडे लावण्यापेक्षा काढण्यात जास्त मिळते. गणपतीला कोकणात जाताना टपावर कॅरियर चढते, त्यावर बॅगा आणि ताडपत्री. परत आल्यावर बॅगा उतरतात, कॅरियर मात्र दिवाळीपर्यंत तसेच राहते. टपावरच्या मोठ्या पेटीने महामार्गाच्या वेगाला अ‍ॅव्हरेज १० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. रिकाम्या कॅरियरचे नुकसान त्याहून कमी, पण ते रोजचे. वजनाचाही हिशेब असाच आहे. साधारण ४५ किलोला १ टक्का, लहान गाडीत जरा जास्त. डिकीतल्या वर्षभर पडून असलेल्या वस्तू काढाव्यात. स्टेपनी आणि जॅक मात्र ठेवावेत.

कार्ब्युरेटरचा काळ

कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या गाड्यांत मेकॅनिकच्या हाताला खरोखर गुण होता. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल जायचे बारीक भोक), हवेचा स्क्रू, प्लगची फट, डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून पुढे घेतलेले ठिणगीचे टायमिंग या सगळ्यांवर अ‍ॅव्हरेज अवलंबून असे. अनुभवी मिस्त्री नुसत्या आवाजावर आणि प्लगच्या रंगावर मिश्रण जुळवत. प्लग काळा तर पेट्रोल जास्त, पांढरट तर कमी, विटकरी-तपकिरी तर बरोबर. ते मोठे कसब होते. लोभाने जेट फारच बारीक केला की इंजिन तापायचे, व्हॉल्व्ह जळायचे आणि वाचलेले पेट्रोल दुरुस्तीत जायचे.

साधारण २००० पासून प्रदूषणाच्या युरो निकषांबरोबर एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्या आल्या. आता संगणक सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजून सेकंदात अनेकदा मिश्रण सुधारतो. एअर फिल्टर तुंबला तरी इंजेक्शनच्या गाडीत अ‍ॅव्हरेज फारसे पडत नाही, पिकअप पडतो. जुन्या गाडीत दोन्ही पडत. घरच्या माणसाने इंजिनाच्या बाबतीत करावे ते एवढेच: प्लग वेळेवर बदलावेत आणि तेल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच भरावे. ‘दणकट’ म्हणून जाड तेल भरल्याने इंजिनावरचा भार वाढतो.

चुंबके, गोळ्या आणि पाण्यावरचे इंजिन

पेट्रोलच्या नळीवर बसवायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, हवेच्या वाटेतली भोवरा उठवणारी पाती आणि पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनात सोडणारी किट. नावे बदलतात, दावा तोच राहतो: इंधन पूर्ण जळेल. पण ठाकठीक इंजिनात जवळजवळ सगळे इंधन आधीच जळत असते. न जळता उरते ते फार थोडे, आणि मोठे नुकसान उष्णतेत होते. मग ‘पूर्ण जळण्या’तून २०-३० टक्के येणार कुठून? हायड्रोजन किटला लागणारी वीज अल्टरनेटरकडून येते, अल्टरनेटरला इंजिन फिरवते आणि इंजिन पेट्रोलवर चालते. प्रत्येक पायरीवर ऊर्जा गळते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७० च्या दशकापासून अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. मोजक्यांनी किरकोळ फरक दाखवला आणि काहींनी धूर वाढवला. पोटाला चिमटा काढून गाडी चालवणारा माणूसच या उपकरणांचे पहिले गिऱ्हाईक असतो, म्हणून हे उघडपणे सांगायला हवे.

घाटात न्यूट्रल

हा गाडीतला बदल नव्हे, पण याच खटाटोपाचा भाग आहे. बोरघाट किंवा कशेडी उतरताना गिअर काढून गाडी सोडून देण्याची सवय जुनी. कार्ब्युरेटरच्या काळात त्याने थोडे पेट्रोल वाचत असेल. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की संगणक इंधन पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते सोडावेच लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळते. वर इंजिनाचा ब्रेक जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर धरत नाहीत.

मोजायचे कसे

पुण्यातली ‘एआरएआय’ (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था गाड्यांचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज ठरवते.  त्यासाठीची चाचणी रोलरवर, ठरलेल्या वेगक्रमाने होते आणि त्यात कमाल वेग ९० असतो. म्हणून रस्त्यावरचा आकडा कमी येतो. त्याला गाडीतला दोष समजू नये.

घरची पद्धत ‘फुल टू फुल’. एकाच पंपावर, त्याच नोझलला, गाडी त्याच बाजूने उभी करून, पहिल्या ऑटोकटला थांबायचे आणि ट्रिप शून्य करायची. पुढच्या वेळी तसेच भरायचे आणि किलोमीटरला लिटरने भागायचे. पण ऑटोकट अर्धा लिटर इकडे-तिकडे होतो. १० लिटरच्या हिशेबात तीच ५ टक्क्यांची चूक झाली. त्यामुळे एका टाकीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. तीन-चार टाक्या बदलाशिवाय, तेवढ्याच बदलासह आणि पुन्हा तेवढ्याच बदल काढून. तिसरी फेरी बहुतेक जण टाळतात, पण खरे-खोटे तिच्यातच कळते. माणूस नवी जोडणी बसवली की नकळत सांभाळून गाडी चालवतो आणि श्रेय जोडणीला जाते.

इंधनही बदलले आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे ई-१० (१० टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. जुन्या वहीतल्या आकड्यांशी आजचे ताडताना हे धरावे लागते.

कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बाजूचे आरसे काढणे किंवा मागे शेपूट जोडणे याच कक्षेत येते. सीएनजी किट मान्यताप्राप्त केंद्रातच बसवून घ्यावे लागते आणि आरटीओकडून आरसी बुकात त्याची नोंद करावी लागते. घरगुती गॅसचा सिलिंडर गाडीला जोडणे बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारेही.